शेजारची ओस वाडी : भांडावं की लिहावं?

(रेडिओवरील शेतकी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचं माझं बोलणं खताविषयी नाही आणि बियाण्याविषयीही नाही. ते आहे शेजारच्या वाडीविषयी. जिचा मालक मुंबईला असतो, जिचं कुंपण मोडलंय, जिच्यात रान माजलंय आणि जिच्याकडे बघून आपण रोज चार शब्द पुटपुटतो, त्या वाडीविषयी.

मी थळचा. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी आणि मागे माड-पोफळीची वाडी, असं आमचं गाव. आवास-सासवण्यापासून रेवदंड्यापर्यंत साऱ्या अष्टागरात वाड्या अशाच एकमेकींना खेटून आहेत. तुमच्या माडाची झावळी माझ्या अंगणात पडते आणि माझ्या शिपण्याचं पाणी तुमच्या पोफळीला जातं. अशा ठिकाणी 'माझी वाडी, मी हवं ते करीन' हे म्हणणं चालत नाही. 'माझी वाडी, मी काहीच करणार नाही' हेही चालत नाही. पण हे सांगायचं कुणी, कुणाला आणि कसं? माझ्या हातून यात चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही.

३ जून २०२० चा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेला नाही. निसर्ग वादळ त्या दुपारी आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. माझ्या वाडीतले अकरा माड आडवे झाले आणि पोफळी किती गेल्या ते मी मोजलंही नाही. शेजारच्या वाडीतही तीच गत झाली. टाळेबंदीचे दिवस होते. मांडव्याच्या लाँचा बंद होत्या. मालक मंडळी मुंबईत अडकलेली. मी माझी खोडं तोडून, ओढून बाहेर काढली. शेजारची खोडं पडली तिथेच राहिली. पहिल्या पावसात भिजली, दुसऱ्या पावसात कुजली, आणि वर घाणेरीचं रान चढलं.

पुढच्या वर्षी मी बाणवलीचे पंधरा कवाथे लावले. पोरासारखे वाढवले. तिसऱ्या वर्षी बघतो तर नवीन पानं उलगडली की कात्रीने कापल्यासारखी दिसायची. गेंड्या भुंगा! काळा, डोक्यावर शिंग असलेला हा भुंगा माडाच्या न उलगडलेल्या कोंबात शिरतो आणि आतला कोवळा भाग खातो. मोठा माड तग धरतो, पण लहान कवाथ्याचा सुईसारखा कोंबच गेला की कवाथा गेला. माझे सहा कवाथे असे मेले.

त्याच शेजारच्या वाडीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक वाळलेला माड शाळेच्या वाटेवर झुकला होता. आणि एक जुनी विहीर होती, तिचा कठडा ढासळलेला, वर वेली पसरलेल्या. परक्या माणसाला विहीर आहे हे कळूच नये, अशी.

मी काय केलं? दोन वर्षं नुसता बोललो. नाक्यावर बोललो, लग्नात बोललो, ज्याला त्याला सांगितलं. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला मात्र एक ओळ लिहिली नाही. मग एकदा संतापून पत्र धाडलं : तुमच्यावर केस करीन, तहसीलदारांकडे जाईन, वगैरे. उत्तर आलं नाही. आणि एका जुलैच्या रात्री, पहाटे साडेतीनच्या सुमारास, तो वाळका माड वाटेवर कोसळला. वाट अडली, एवढ्यावर निभावलं. तोच माड सकाळी सातला पडला असता तर? त्या वाटेने सातला पोरं शाळेत जातात. माझी नातही त्यातच असते.

त्या दिवशी मला कळलं की माझी तक्रार खरी होती, पण तक्रार करण्याची रीत खोटी होती. म्हणून आता रीत सांगतो.

आधी आपलं अंगण

माड पडल्यावर मी कृषी सहायकांना बोलावलं आणि म्हटलं, "साहेब, शेजारची वाडी बघा." ते म्हणाले, "बघू. पण आधी तुमचा शेणखताचा खड्डा दाखवा." मला राग आला. पण पावडं घेऊन त्यांनी खड्डा उकरला, तर एकेका पावड्याला अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या. गेंड्या भुंग्याचीच पिलावळ! शेजारच्या कुजक्या खोडात ती होती, तशीच माझ्या खड्ड्यातही होती. सहा कवाथ्यांतले किती शेजाऱ्याने मारले आणि किती मी स्वतः, देव जाणे.

तेव्हा बंधूंनो, दुसऱ्याला लिहिण्याआधी हे करा :

गेंड्या भुंगा शेणखतात, पालापाचोळ्याच्या ढिगात आणि कुजक्या खोडात अंडी घालतो. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण सहा महिने लागतात. म्हणून खत खड्ड्यात वर्षानुवर्षं पडू देऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी खालीवर करा आणि अळ्या वेचा. कोंबड्या त्या आनंदाने खातात. या अळ्यांना रोग लावणारी मेटॅरायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते. ती खड्ड्यात कशी आणि किती टाकायची, हे कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या माणसांना विचारा.

माडाच्या कोंबात भोक आणि बाहेर आलेला भुसा दिसला की तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढा. लहान कवाथ्याच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाका आणि दीड महिन्याने पुन्हा ठेवा.

दुसरा शत्रू सोंड्या भुंगा. तो याहून वाईट. माडाच्या खोडाला जखम झाली की तो तिथे अंडी घालतो आणि अळ्या खोड आतून पोखरतात. खोडातून तांबूस चीक गळतो. कान लावला तर आत कुरतडल्यासारखा आवाज येतो. म्हणून खोडाला कोयत्याची जखम करू नका, आणि हिरवी झावळी तोडायची झाली तर चार फूट देठ ठेवून तोडा. सोंड्याने मेलेला माड उभा ठेवू नका. तोडा, चिरा आणि आतल्या अळ्यांसकट नष्ट करा.

घराभोवती करवंट्या, फुटके डबे, टायर पाण्याने भरून राहतात. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शेजाऱ्याच्या विहिरीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या करवंट्या पालथ्या घाला.

हे सगळं झालं की तुमच्या शब्दाला वजन येतं. माझ्या पहिल्या पत्राला नव्हतं.

मालक कोण, हे शोधा

ओस वाडीचा मालक कोण हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि नक्की कुणालाच माहीत नसतं. आजोबा गेले, मुलगे गिरगावात, मुली पुण्यात, एक नातू परदेशात. साताबाऱ्याचा उतारा काढा. तो आता संगणकावरही मिळतो. घराची जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. घरपट्टी कुणाच्या नावावर आहे ते त्यात कळतं. उताऱ्यावर पाच नावं असतील, तर ज्यांचे पत्ते मिळतील त्या सगळ्यांना लिहा. एकालाच लिहिलं की तो म्हणतो, 'मला काय, भाऊ बघेल.'

पत्र कसं लिहावं

पत्रात शिव्या नकोत, धमक्या नकोत आणि जुनी भांडणं तर नकोतच. तारीख घाला. गट नंबर घाला. काय आहे ते मोजून लिहा : 'इतकी खोडं पडलेली आहेत, एक माड वाटेवर झुकला आहे, विहिरीला कठडा नाही.' फोटो जोडा. तुम्हाला काय हवं ते लिहा आणि त्यासाठी वाजवी मुदत द्या. शेवटी तुम्ही काय मदत करू शकता, तेही लिहा. पत्र पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत जपून ठेवा. लेखी कळवूनही मालकाने लक्ष दिलं नाही आणि झाड पडून कुणाचं नुकसान झालं, तर पुढे तीच प्रत आणि तीच पोच पुरावा ठरते.

मी दुसरं पत्र असं लिहिलं. आठ दिवसांत मालकाच्या पुतण्याचा फोन आला. तो काय म्हणाला ऐका : "काका, पहिलं पत्र मिळालं होतं. पण आम्हाला वाटलं, तुम्हाला वाडीत शिरायचंय. एकदा आत माणूस घेतला की कूळ लागेल, असं आत्या म्हणाली."

बघा, गप्प बसण्यामागे काय होतं! भीती होती. ही भीती आपल्या भागात जुनी आहे. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध वर्षानुवर्षं संप चालवला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणाऱ्याला जमीन मिळाली, ती त्या लढ्यांची पुण्याई. त्या कायद्याला आपण कमी लेखायचं नाही. पण म्हणूनच, शेजाऱ्याच्या वाडीत साफसफाईला जायचं तर कागद करून जा. त्यात स्पष्ट लिहा की हे काम फक्त पडलेली खोडं आणि रान काढण्याचं आहे, यात कसवणूक नाही, खंड नाही, उत्पन्नात वाटा नाही, आणि काम अमुक तारखेला संपेल. दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. कागदाने मैत्री तुटत नाही. उलट भीती जाते.

आम्ही तसंच केलं. खोडं मी काढली. चांगली होती ती सांकवाला आणि मांडवाच्या खांबांना गेली, कुजकी फोडून अळ्या वेचल्या. मजुरीचा निम्मा पैसा पुतण्याने दिला, लाकूड मी घेतलं. विहिरीचा कठडा त्यांनी बांधला आणि वर जाळी बसवली.

पत्रानेही भागलं नाही तर

सगळे मालक असे भेटत नाहीत. म्हणून पुढच्या पायऱ्याही माहीत हव्यात.

पहिली पायरी ग्रामपंचायत. आपला ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत पंचायतीची कामं दिली आहेत. कचऱ्याचे ढीग आणि माजलेलं रान काढणं, वापरात नसलेल्या विहिरी, डबकी आणि खड्डे बुजवणं, ही कामं त्यात येतात. सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर कुणी अडथळा केला तर तो दूर करण्याचा अधिकार कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. म्हणून अर्ज तोंडी नको, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरवावी लागते. तुमचं नाव मतदार यादीत असेल तर तिथे उभं राहून विषय मांडा. मात्र एका माणसाची वाडी म्हणून मांडू नका. 'गावातल्या पडक्या विहिरी आणि वाटेवरची धोकादायक झाडं' असा विषय मांडा. म्हणजे कुणाचा अपमान होत नाही आणि यादी सगळ्या गावाची होते.

दुसरी पायरी दंडाधिकारी. इथे एक फरक ध्यानात घ्या. माझ्या कवाथ्यांना भुंगा लागला, हा माझा एकट्याचा त्रास. वाटेवर माड झुकला, हा साऱ्यांचा धोका. पहिल्यासाठी समजूत, नाहीतर दिवाणी कोर्ट. आणि दिवाणी कोर्टात माडाला पोय येईपर्यंत तारखा चालतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्यासाठी मात्र जवळचा उपाय आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. पडायला आलेलं झाड किंवा घर, सार्वजनिक वाटेलगतची उघडी विहीर, रहदारीचा अडथळा, अशा गोष्टींविषयी जिल्हाधिकारी, प्रांत किंवा ज्यांना तसा अधिकार दिला आहे असे तहसीलदार सशर्त आदेश काढू शकतात. सशर्त म्हणजे काय? 'अमुक मुदतीत दूर करा, नाहीतर हजर राहून हरकत सांगा.' मालकाचं म्हणणंही ऐकलं जातं. सार्वजनिक उपद्रवाबद्दल दंडही आहे. नव्या न्याय संहितेत तो एक हजार रुपयांपर्यंत आहे. पण आपल्याला दंड नको असतो, झाड निघायला हवं असतं. म्हणून अर्जात दंडाची मागणी करण्यापेक्षा धोका दूर करण्याची मागणी करा.

कुणी म्हणेल, पंचायतच ऐकत नसेल तर? मध्य प्रदेशातल्या रतलामची गोष्ट ऐका. तिथल्या एका वस्तीत उघडी गटारं, घाण आणि डास. लोकांनी याच जुन्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. आदेश निघाला, तर नगरपरिषद म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की लोकांच्या आरोग्याचं काम पैसे नाहीत या सबबीवर टाळता येणार नाही. साध्या वस्तीतल्या लोकांचा तो अर्ज होता, बरं का.

तिसरी गोष्ट पाण्याची. ओस वाडीत पऱ्ह्या बुजला आणि पाणी तुमच्या भातात तुंबलं तर आधी बोला. पण कुणी बांध घालून किंवा भराव टाकून पावसाच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र सहा महिन्यांच्या आत. अडवणूक जूनमध्ये झाली आणि तुम्ही पुढच्या जूनमध्ये जागे झालात, तर तो दरवाजा बंद.

हे मात्र करू नका

शेजाऱ्याच्या वाडीत न विचारता शिरून काही तोडू नका आणि रानाला आग लावू नका. मे महिन्याच्या वाऱ्यात ती आग मालक ओळखत नाही. आपलं म्हणणं कितीही खरं असलं, तरी दुसऱ्याच्या हद्दीत कोयता चालवला की आपणच आरोपी होतो. माड-पोफळीचं ठीक, पण आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांसारखी झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती आपल्या स्वतःच्या वाडीतसुद्धा. हे मालकालाही सांगा, नाहीतर तुमच्या पत्रापायी तो बिचारा अडचणीत यायचा.

शेवटचं एक. शेतीची कीड ही एकट्याची बाब नाही, हे आपल्याकडच्या कायद्याने फार पूर्वी ओळखलं. मद्रास इलाख्यात १९१९ साली शेतीच्या किडी-रोगांविषयी कायदा झाला, मुंबई प्रांतात १९४७ साली. विचार साधा होता. एकाने कीड पाळली तर दहा जणांनी औषध मारून उपयोग नाही. पण कायदा होऊन गेला म्हणून खोड आपोआप उचललं जात नाही. ते कुणीतरी उचलावं लागतं.

माझ्या वाडीत आज नऊ कवाथे उभे आहेत. सहांच्या जागी नवे सहा लावलेत. त्यातले दोन शेजारच्या पुतण्याने आणून दिले. शाळेच्या वाटेवर आता आभाळ मोकळं दिसतं. मी दोन वर्षं आधी एक साधं पत्र लिहिलं असतं, तर ती जुलैची रात्र टळली असती. तुम्ही ते आजच लिहा. पावसाळ्याची वाट बघू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. आधी आपला खतखड्डा, आपल्या करवंट्या, आपली विहीर.
२. साताबारा किंवा नमुना ८ वरून मालक शोधा आणि सगळ्या वारसांना लिहा.
३. पत्र मोजकं, फोटोसह, मुदतीसह, पोच घेऊन.
४. दुसऱ्याच्या वाडीत काम करण्यापूर्वी लेखी कागद.
५. धोका साऱ्या गावाला असेल तर ग्रामपंचायत, ग्रामसभा, आणि मग प्रांत-तहसीलदार.
६. पाणी अडवलं असेल तर सहा महिन्यांच्या आत दावा.
७. परवानगीशिवाय तोड नाही, आग नाही.